टेल का सरकते आणि तिला सरळ कसं ठेवायचं: हॉट स्ट्रिप मिलमधलं स्टीअरिंग कंट्रोल

सात स्टँडच्या (एकामागोमाग सात रोल-चौकटींच्या) फिनिशिंग मिलमध्ये पातळ माल लावला की शेवटच्या तीन स्टँडांत टेल, म्हणजे पट्टीचं मागचं टोक, ड्राइव्ह साइडला (मोटरच्या बाजूला) जाते, गाइडला घासते, अधूनमधून दुमडून रोलखाली सापडते आणि रोल बदलावे लागतात, हा तुमचा त्रास. डिफरेन्शियल लोडवर (दोन बाजूंच्या लोडमधल्या फरकावर) चालणारं स्वयंचलित लेव्हलिंग, म्हणजे रोलच्या दोन बाजूंची गॅप कमी-जास्त करणं, मिलमध्ये आधीपासून आहे, पण ते चालू केलं की त्रास वाढतो म्हणून पल्पिटमधले (कंट्रोल रूममधले) लोक ते बंद ठेवतात. आता स्टँडांच्या मध्ये कॅमेरे लावण्याचा प्रस्ताव आला आहे. पैसे कॅमेऱ्यांवर घालावेत की आहे तेच कंट्रोल नीट करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

कॅमेरे जरूर घ्या, पण त्यांचा नंबर तिसरा. पहिला नंबर रोल, चॉक (रोलचं बेअरिंग धरणारा ठोकळा) आणि लायनरचा (चॉकच्या बाजूच्या झिजणाऱ्या पट्ट्यांचा), दुसरा रफिंगमधून, म्हणजे फिनिशिंगच्या आधीच्या टप्प्यातून, येणाऱ्या जाड बारचा. फिनिशिंगमधल्या स्टीअरिंग कंट्रोलकडून लोक फार मोठी अपेक्षा ठेवतात. वाकडी आलेली पट्टी सरळ करून देणं त्याला जमत नाही. बऱ्यापैकी सरळ चाललेली पट्टी, मागचं टेन्शन सुटल्यानंतरच्या सेकंदा-अर्ध्या सेकंदात बिघडू न देणं एवढं त्याच्या हातात असतं. तेवढं काम मात्र ते माणसापेक्षा कितीतरी चांगलं करतं.

पट्टी सरकते का, इथून सुरुवात करतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे.

समजा पट्टी मिलच्या मध्यापासून थोडी ड्राइव्ह साइडला आहे. त्या बाजूच्या, रोल दाबणाऱ्या सिलिंडरवर लोड जास्त येतो, त्या बाजूचं हाउजिंग (स्टँडची चौकट) जास्त ताणलं जातं आणि तिथली रोलमधली गॅप जास्त उघडते. गॅप उघडली की तिथलं रिडक्शन कमी होतं. रिडक्शन कमी म्हणजे त्या कडेला पट्टी आत शिरण्याचा वेग जास्त, कारण जाड पट्टी तेवढीच जाड बाहेर पडत असेल तर ती मागून भराभर ओढली जाते. ऑपरेटर साइडला गॅप तुलनेने आवळलेली, त्यामुळे तिथे शिरण्याचा वेग कमी. बैलजोडीतला डावा बैल रेंगाळला की गाडी डावीकडे वळते आणि तिचं मागचं टोक उजवीकडे फेकलं जातं, तसंच इथे होतं: रोलच्या मागे असलेली पट्टी फिरते आणि टेल वेगवान बाजूला, म्हणजे उघड्या गॅपकडे जाते. ती बाजू कोणती? ड्राइव्ह साइड, जिकडे पट्टी आधीच होती. मग तिथला लोड आणखी वाढतो, गॅप आणखी उघडते आणि पट्टी आणखी सरकते.

म्हणजे मिलचा स्वभावच असा आहे की मध्यावरून ढळलेली पट्टी ती आणखी ढळवते. हाउजिंग जितकं ताठ तितका हा दोष कमी. पण अनंत ताठ हाउजिंग कुणाकडेच नसतं.

आकडे घालून पाहू, म्हणजे किती बारीक गोष्टीशी गाठ आहे ते कळेल. रोलिंग लोड १५०० टन, दोन सिलिंडरमधलं अंतर ३००० मिमी, पट्टी २० मिमी बाजूला. दोन्ही बाजूंच्या लोडमधला फरक म्हणजे लोडची दुप्पट गुणिले सरकलेलं अंतर भागिले सिलिंडरमधलं अंतर: २० टन. एका बाजूच्या हाउजिंगची ताठरता मिलिमीटरला २५० टन धरली तर दोन सिलिंडरच्या जागी गॅपमध्ये ८० मायक्रॉनचा फरक पडतो. १२५० मिमी रुंद पट्टीच्या दोन कडांमध्ये तो साधारण ३३ मायक्रॉन होतो. पट्टी स्वतः प्रतिकार करते, त्यामुळे हा सगळा फरक जाडीत उतरत नाही. पण पाव हिस्सा उतरला तरी ८ मायक्रॉन झाले, आणि २ मिमीच्या पट्टीत ८ मायक्रॉन म्हणजे ०.४ टक्के. दोन कडांच्या लांबीत ०.४ टक्के फरक म्हणजे पट्टी ३०० मीटरच्या आसपास त्रिज्येच्या वर्तुळात वळते. ५.५ मीटर लांबीच्या मोकळ्या टेलला तेवढं वळण सुमारे ५० मिमी बाजूला नेऊन ठेवायला पुरतं. सुरुवात २० मिमीने झाली होती.

पट्टीच्या मधल्या लांबीत हे होत नाही, कारण तिथे मागून टेन्शन असतं. एक कड सैल पडू लागली की तिथलं टेन्शन कमी होतं, दुसऱ्या कडेचं वाढतं आणि शिरण्याच्या वेगातला फरक बराचसा भरून निघतो. शिवाय मागचा स्टँड पट्टी धरून असतो, तिला फिरू देत नाही. टेल मागच्या स्टँडमधून सुटली की हे दोन्ही आधार एका क्षणात जातात. तुमचा त्रास टेललाच का होतो आणि शेवटच्या स्टँडांतच का होतो, याचं उत्तर इथेच आहे. २ मिमी माल एफ-७ मधून (फिनिशिंगच्या सातव्या, शेवटच्या स्टँडमधून) सेकंदाला १० मीटर वेगाने निघत असेल, आणि एफ-६ नंतरची जाडी २.४ मिमी असेल, तर एफ-७ मध्ये शिरण्याचा वेग सेकंदाला ८.३ मीटर. ५.५ मीटरचं अंतर टेल ०.६६ सेकंदात कापते. एफ-६ साठी असा हिशेब साधारण ०.९ सेकंद येतो, एफ-५ साठी १.२ सेकंद. एफ-२ ला तोच वेळ ५ सेकंदांच्या आसपास असतो. एफ-२ ला ऑपरेटर डोळ्यांनी पाहून लेव्हलिंग करू शकतो आणि चांगला ऑपरेटर ते फार सुंदर करतो. एफ-७ ला त्याच्या डोळ्यांनी हालचाल टिपून हात बटणापर्यंत जाईस्तोवर टेल निघून गेलेली असते. तिथे तो जे करतो ते अंदाजाने, मागच्या कॉइलवरून. यात त्याचा काही दोष नाही.

आता तुमच्या जुन्या कंट्रोलकडे. डिफरेन्शियल लोड पाहून लेव्हलिंग करणारं कंट्रोल दोन अगदी उलट तत्त्वांवर बांधलेलं असू शकतं, म्हणून आधी तुमच्याकडे कोणतं आहे ते लॉजिक उघडून तपासा. एका प्रकारात दोन्ही बाजूंचे लोड समान करण्याचा प्रयत्न होतो, म्हणजे जिथे लोड जास्त तिथे गॅप उघडायची. ऐकायला ते बरोबर वाटतं. पण वरचा हिशेब पुन्हा डोळ्यांसमोर आणा: पट्टी ड्राइव्ह साइडला सरकल्यामुळे तिथला लोड वाढला असेल आणि आपण तिथलीच गॅप उघडली, तर आपण तिला त्याच बाजूला ढकललं. टेलसाठी हे तत्त्व उलटं आहे. बरोबर प्रकारात जिथे लोड वाढला तिथली गॅप आवळायची असते, हाउजिंग जितकं जास्त ताणलं गेलं तितकी, म्हणजे रोल समांतर राहतात. मिल आहे त्यापेक्षा ताठ असल्यासारखी वागते.

या दुसऱ्या प्रकारातही एक काटा आहे. आपण ड्राइव्ह साइड आवळली की आवळल्यामुळेच तिथला लोड वाढतो. कंट्रोल समजतं की पट्टी आणखी सरकली आणि आणखी आवळतं. गेजमीटरवर चालणाऱ्या एजीसीला (लोडवरून जाडी काढून ती सांभाळणाऱ्या स्वयंचलित कंट्रोलला) जो धोका असतो तोच हा, फक्त जाडीऐवजी उताराच्या, म्हणजे दोन बाजूंच्या गॅपमधल्या फरकाच्या दिशेने. म्हणून भरपाईचा गुणांक १ पेक्षा बराच खाली ठेवावा लागतो. ०.५ च्या आसपास सुरुवात करावी. ताठरतेचा आकडाही मिल मोड्युलसला (पूर्ण स्टँडच्या ताठरतेला) दोनने भागून काढू नये, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा मोजावा, कारण ड्राइव्ह साइड आणि ऑपरेटर साइडची ताठरता क्वचितच समान असते. रोल एकमेकांवर दाबून लोड टप्प्याटप्प्याने वाढवत दोन्ही सिलिंडरची पोझिशन नोंदवली की दोन वक्र मिळतात. कमी लोडला हे दोन वक्र सर्वांत जास्त वेगळे दिसतात.

पण तत्त्व बरोबर असून, गुणांक योग्य असूनही हे कंट्रोल फसू शकतं. त्याचं कारण असं की डिफरेन्शियल लोड हा पट्टीच्या जागेचा साक्षीदार म्हणून कच्चा आहे. पट्टी कुठे आहे हे तो सांगतो, पण त्याच श्वासात आणखी चार गोष्टी सांगतो आणि कोणती कोणती ते वेगळं करून देत नाही. एका कडेला २० अंश सेल्सिअस थंड असलेली पट्टी त्या कडेला तीन-चार टक्के कडक असते. ती अगदी मध्यावर असली तरी लोडमध्ये फरक दिसतो. येणाऱ्या बारमध्ये वेज (एक कड दुसरीपेक्षा जाड) असेल तर तेच. लोड सेलऐवजी सिलिंडरच्या प्रेशरवरून लोड काढत असाल तर सिलिंडरच्या सीलचं घर्षण त्यात मिसळतं. वरच्या उदाहरणात एका बाजूला ७५० टन होते. त्यात एक टक्का चूक म्हणजे ७.५ टन, आणि कंट्रोलच्या दृष्टीने पट्टी ७.५ मिमी सरकलेली.

सगळ्यांत फसवा असतो अक्षीय थ्रस्ट. वर्क रोल (पट्टीला टेकणारा) आणि बॅक-अप रोल (त्याला मागून आधार देणारा मोठा) अगदी समांतर नसतील तर ते एकमेकांना अक्षाच्या दिशेने ढकलतात. हे ढकलणं रोलच्या उंचीवर होतं, म्हणून त्याचा मोमेंट तयार होतो आणि तो दोन बाजूंच्या लोडमधल्या फरकाच्या रूपाने दिसतो. लोडच्या फक्त २ टक्के थ्रस्ट धरा, ३० टन. मोमेंटची भुजा ७०० मिमी धरली तर डिफरेन्शियल लोड १४ टन येतो. पट्टी १४ मिमी सरकली असती तर तेवढाच आला असता. चॉकच्या लायनरची झीज एका बाजूला जास्त झाली की एवढी तिरकस मांडणी सहज होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

यासाठी एक चाचणी आहे, ती मी प्रत्येक मिलला करायला सांगतो कारण तिला काही खर्च नाही. रोल बदलल्यानंतर झीरोइंग करताना (लेव्हलचं शून्य ठरवताना) रोल एकमेकांवर दाबून सावकाश पुढच्या दिशेने फिरवा, डिफरेन्शियल लोड नोंदवा. मग लोड तोच ठेवून उलट दिशेने फिरवा, पुन्हा नोंदवा. थ्रस्टची दिशा फिरण्याच्या दिशेबरोबर उलटते. बाकीच्या कारणांची उलटत नाही. दोन नोंदींमधल्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे थ्रस्टमुळे आलेला खोटा डिफरेन्शियल लोड. प्रत्येक रोल चेंजला ही नोंद ठेवली की महिन्याभरात कोणत्या स्टँडचा लायनर कुठे चालला आहे ते कागदावर दिसू लागतं. दुसरा फायदा तितकाच मोठा आहे: झीरोइंगच्या वेळी थ्रस्ट असताना दोन्ही लोड समान करून आपण जी लेव्हल शून्य मानतो, ती मुळात तिरकी असते. मग प्रत्येक कॉइलला ऑपरेटर तीच तिरकी लेव्हल हाताने दुरुस्त करत राहतो, आणि शिफ्ट बदलली की पुढचा ऑपरेटर पुन्हा पहिल्यापासून.

तुमची टेल नेहमी ड्राइव्ह साइडलाच जाते असं तुम्ही लिहिलं आहे. हा फार महत्त्वाचा धागा आहे. कंट्रोल कमी पडल्यामुळे टेल सरकत असती तर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. सतत एकाच बाजूला जाते म्हणजे मिलमध्ये किंवा येणाऱ्या मालात कायमची असममिती आहे. ती शोधल्याशिवाय कॅमेरे लावले तर कॅमेरे रोज त्याच चुकीची भरपाई करत बसतील आणि टेलच्या त्या अर्ध्या सेकंदासाठी लागणारी हालचालीची मुभा आधीच खर्च झालेली असेल. लायनर, चॉकची क्लिअरन्स, झीरोइंग यांच्याबरोबर वर्क रोलच्या कूलिंगचे नोझलही पाहा. एका बाजूचे चार नोझल तुंबले की त्या बाजूचा रोल जास्त फुगतो आणि तिथली गॅप कमी होते. हे काम पाण्यात, वाफेत, शटडाऊनच्या घाईत करावं लागतं आणि त्याला कुणी प्रोजेक्ट म्हणत नाही, पण टेल सरळ ठेवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

आता दुसरा नंबर, येणारा बार. रफिंगमधून ३०-३५ मिमीचा बार येतो तेव्हा त्याच्यात वेज असेल तर फिनिशिंगमध्ये तो काढून टाकता येत नाही. पातळ पट्टीत धातू रुंदीच्या दिशेने वाहत नाही म्हणण्याइतका कमी वाहतो. त्यामुळे एका कडेला जास्त दाबलं की तो धातू लांबीतच जातो आणि पट्टी वाकते. बारमध्ये एक टक्का वेज असेल तर सरळ पट्टी हवी असल्यास शेवटपर्यंत एक टक्का वेजच राहायला हवा, जाडीबरोबर मायक्रॉनमध्ये कमी होत जाणारा, पण टक्क्यांत तोच. एफ-७ नंतरच्या प्रोफाइल गेजवर १५ मायक्रॉन वेज दिसला म्हणून कुणी एफ-६, एफ-७ ची लेव्हल हलवून तो शून्यावर आणू पाहतो, आणि मग टेल का उडते असं विचारतो. पातळ मालावर शेवटच्या तीन स्टँडांची लेव्हल वेज सुधारण्यासाठी वापरू नये, असं मी ठामपणे सांगेन. क्वालिटीचे लोक आग्रह धरतील. त्यांना हे चित्र कागदावर काढून समजावा.

वेज काढायची जागा रफिंग आहे, जिथे जाडी भरपूर असते, धातू थोडा बाजूला वाहू शकतो आणि एजर (कडा दाबणारे उभे रोल) व साइड गाइड बारला धरून ठेवतात. रफिंगनंतर बारचा कॅम्बर (आडवा बाक) मोजणारा एक कॅमेरा आणि त्यावरून पुढच्या बारसाठी रफिंग स्टँडची लेव्हल सुधारणारं साधं लूप, हे फिनिशिंगच्या तीन कॅमेऱ्यांआधी बसवा. तिथे वाफ कमी, वेग कमी, वेळ भरपूर, आणि फायदा सातही स्टँडांना मिळतो. भट्टीतून येणाऱ्या स्लॅबच्या दोन कडांच्या तापमानातला फरकही याच टप्प्यावर तपासा. भट्टीच्या डिस्चार्ज दाराकडे तोंड असलेली कड दार उघडलं की थंड होते. तुमची ड्राइव्ह साइडची ओढ आणि ही कड यांचा संबंध लागतो का, हे दोन पायरोमीटर लावून आठवड्यात कळेल.

पातळ स्लॅबच्या मिलमध्ये ही सोय नसते, हे जाता जाता सांगतो. अमेरिकेत क्रॉफर्ड्सव्हिलला १९८९ मध्ये न्यूकॉरने कॉम्पॅक्ट स्ट्रिप प्रॉडक्शन पद्धत पहिल्यांदा चालवली. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात डोलवीला इस्पात इंडस्ट्रीजच्या काळात याच पद्धतीची मिल उभी राहिली. तिथे कास्टरमधून ५०-६० मिमीचा स्लॅब बोगद्यासारख्या लांब भट्टीतून सरळ फिनिशिंगला येतो. तापमान दोन्ही कडांना फार एकसारखं असतं ही त्या पद्धतीची मोठी देणगी, पण स्लॅबमध्येच वेज आला तर तो काढायला रफिंगच्या फेऱ्या नाहीत. तिथे वेजची लढाई कास्टरच्या मोल्डपाशी आणि एफ-१ ला लढावी लागते.

हे दोन टप्पे झाले की जुनं डिफरेन्शियल लोड कंट्रोल पुन्हा उपयोगी पडतं, पण वेगळ्या रीतीने. पूर्ण लांबीभर ते चालवू नका. टेल मागच्या स्टँडमधून सुटण्याच्या किंचित आधी डिफरेन्शियल लोडची किंमत लॉक करा आणि त्या क्षणानंतर जो बदल होईल तेवढ्यावरच काम करू द्या. थ्रस्ट, कडांच्या तापमानातला फरक, लोड सेलची चूक या सगळ्या गोष्टी एका सेकंदात फारशा बदलत नाहीत, त्यामुळे लॉक केल्याने त्या वजा होऊन जातात. फक्त एक काळजी घ्या: मागचं टेन्शन गेलं की एकूण रोलिंग लोड वाढतो, आणि त्याबरोबर जो फरक आधीपासून होता तोही त्याच प्रमाणात वाढतो. कंट्रोलला वाटतं पट्टी हलली. म्हणून टनांतला फरक न लॉक करता, फरक भागिले एकूण लोड हे गुणोत्तर लॉक करा. एवढ्या एका बदलाने हे कंट्रोल शहाण्यासारखं वागू लागतं. तुमच्या ऑपरेटरांनी पाहिलेला ‘चालू केलं की त्रास वाढतो’ हा प्रकार लॉक न करता चालवल्याने होत असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, आणि त्यांनी ते बंद ठेवलं हे त्या परिस्थितीत योग्यच केलं.

तरीही एफ-६ आणि एफ-७ ला या कंट्रोलची एक मर्यादा राहतेच. बॅक-अप रोलची एक्सेन्ट्रिसिटी (फिरताना केंद्रातून हलणं) दोन बाजूंना वेगवेगळ्या फेजमध्ये असते आणि डिफरेन्शियल लोडमध्ये लाट तयार करते. १.५ मीटर व्यासाचा बॅक-अप रोल १० मीटर वेगाला अर्ध्या सेकंदात एक फेरा पूर्ण करतो. टेलचा आपला वेळ ०.६६ सेकंद. लाट आणि टेल जवळपास एकाच गतीची असली तर फिल्टर लावून त्यांना वेगळं करता येत नाही. म्हणून इथे कॅमेरा हवा.

कॅमेऱ्याचं खरं मोल मात्र एवढ्यावर संपत नाही. पट्टीची हालचाल अशी असते: गॅपच्या उतारामुळे शिरण्याच्या वेगात फरक पडतो, त्या फरकाने पट्टीचा कोन बदलत जातो, आणि त्या कोनामुळे रोलखालची जागा बदलत जाते. म्हणजे उतारापासून जागेपर्यंत दोन इंटिग्रेटर (बदल साठवत जाणारे टप्पे) लागोपाठ आहेत, आणि वर मिलचा तो ढळवण्याचा स्वभाव. अशा प्रक्रियेला फक्त जागेच्या चुकीवर प्रपोर्शनल कंट्रोल लावलं तर पट्टी या बाजूकडून त्या बाजूकडे झोके खाते. कोनाची, म्हणजे जागा बदलण्याच्या वेगाची माहिती असावीच लागते. डिफरेन्शियल लोड रोलखालची जागा सांगतो, कोन सांगत नाही. त्याचं डेरिव्हेटिव्ह (बदलण्याचा वेग) काढायला गेलं तर गोंगाटच जास्त मिळतो.

रोलच्या २.५ मीटर मागे लावलेला कॅमेरा जे पाहतो त्यात रोलखालची जागा आणि कोन गुणिले २.५ मीटर या दोन्हींची बेरीज असते. कॅमेऱ्याखाली आत्ता जी पट्टी बाजूला दिसते तीच क्षणाने रोलखाली बाजूला असणार आहे. म्हणजे कॅमेऱ्याच्या वाचनात डेरिव्हेटिव्ह आपोआप मिसळलेलं असतं, आणि त्याचा काळ म्हणजे अंतर भागिले वेग: ८.३ मीटर वेगाला ०.३ सेकंद. काही गणित न करता, गोंगाट न वाढवता. म्हणून कॅमेरा रोलच्या अगदी जवळ लावण्याचा मोह टाळा. पुरवठादार गाइडजवळची जागा सुचवतात कारण तिथे बसवायला सोपं जातं. दोन स्टँडांच्या मधोमध किंवा किंचित मागे हीच चांगली जागा. फार मागे नेला तर टेल त्याच्याखालून लवकर निघून जाते आणि शेवटचा तुकडा आंधळा राहतो. त्या तुकड्यासाठी कॅमेऱ्याचं शेवटचं वाचन धरून ठेवायचं आणि लॉक केलेलं डिफरेन्शियल लोड कंट्रोल पुढे चालवायचं. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

बसवताना वाफेची आणि पाण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती खरी आहे, पण ८५०-९५० अंशांची पट्टी स्वतःच प्रकाश देते. निअर इन्फ्रारेडमध्ये कडा बऱ्यापैकी स्पष्ट येतात, फक्त हवेचा पडदा आणि लेन्सपुढची पर्ज सतत चालू हवी आणि ती कोण तपासणार हे नावानिशी ठरलेलं हवं. लूपर (स्टँडांमध्ये पट्टी ताणून धरणारा हात) खाली आला, टेल वर उडाली, की पट्टीची उंची बदलते. कॅमेरा मिलच्या मध्यरेषेवर नेमका बसवला असेल तर उंचीच्या बदलाने सरकण्याचं माप थोडं मोठं किंवा लहान दिसतं, दिशा बदलत नाही, आणि कंट्रोलला तेवढं पुरतं. कॅमेरा एका बाजूला बसवला तर मात्र उंचीचा बदलच सरकणं म्हणून दिसतो. प्रतिमेपासून सर्व्हो व्हॉल्व्हपर्यंतचा एकूण उशीर ४० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. तेवढ्यातही एफ-७ ला पट्टी ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. हा आकडा करारात लिहून घ्या, फक्त कॅमेऱ्याचा फ्रेम रेट लिहून घेऊ नका, कारण उशीर बहुतेक वेळा नेटवर्कमध्ये आणि पीएलसीच्या (कंट्रोल चालवणाऱ्या संगणकाच्या) स्कॅनमध्ये लपलेला असतो.

पिकलिंग किंवा गॅल्व्हनायझिंग लाइनवरून आलेले सहकारी विचारतील की तिथल्यासारखा स्टीअरिंग रोल का लावत नाही. तिथे पट्टी सतत टेन्शनमध्ये असते, वेल्डने जोडलेली असते, टेल असा प्रकारच नसतो. गरम मिलमध्ये टेलचा प्रश्न मुळातून काढण्याचा एकच मार्ग आजवर निघाला, तो म्हणजे टेलच ठेवायची नाही: कावासाकी स्टीलने चिबाला १९९६ मध्ये गरम बार एकमेकांना जोडून एंडलेस रोलिंग सुरू केलं, आणि इटलीत क्रेमोनाला आर्वेदीने २००९ मध्ये कास्टरपासून कॉइलरपर्यंत अखंड पट्टी चालवली. चालू मिलमध्ये ते बसवणं म्हणजे नवी मिल बांधणंच.

सुरू करताना आधी काही आठवडे कंट्रोलचं आउटपुट फक्त नोंदवा, सिलिंडरला देऊ नका, आणि टेल निघण्याच्या शेवटच्या दोन सेकंदांत त्याने कोणत्या बाजूला हलवलं असतं ते ऑपरेटरने प्रत्यक्ष काय केलं त्याच्याशी ताडून पाहा. दिशेच्या चिन्हाची चूक इथेच सापडते. मग ५-६ मिमी जाड मालावर, एफ-५ ला, एकूण उताराची मर्यादा १०० मायक्रॉनवर ठेवून चालू करा. एफ-५ नीट चालल्यावर एफ-६. एफ-७ सर्वांत शेवटी आणि निम्म्या मर्यादेने, कारण एफ-७ चा उतार थेट मालाच्या आकारात आणि कॉइलरकडे जाणाऱ्या पट्टीत दिसतो. साइड गाइड या काळात नेहमीपेक्षा जास्त आवळू नका. गाइडला टेकलेली पट्टी डिफरेन्शियल लोडमध्ये स्वतःचा खोटा हिस्सा घालते आणि ट्यूनिंग फसतं. टेल निघाली की उतार टेलआधीच्या जागी परत न्यायचा, पण कंट्रोलने प्रत्येक टेलला किती आणि कुठे हलवलं याची नोंद ठेवायची. एका रोल कॅम्पेनमधल्या (एका रोल बदलापासून दुसऱ्यापर्यंतच्या) अशा वीस-पंचवीस टेलची सरासरी शून्यापासून दूर दिसली, तर तो कंट्रोलचा प्रश्न नाही, लेव्हलच्या झीरोचा आहे, आणि तो आकडा रोल शॉप व मेकॅनिकलकडे पाठवायचा.

पल्पिटमध्ये एक गोष्ट जरूर करा: कंट्रोल काय करतंय ते ऑपरेटरच्या स्क्रीनवर, प्रत्येक स्टँडसाठी, टेल निघाल्यावर दहा सेकंद तरी गोठवून दाखवा. पट्टी किती सरकली, कंट्रोलने कोणती बाजू किती मायक्रॉन आवळली. त्यांनी हाताने लेव्हल हलवली तर कंट्रोलने त्यांच्याशी भांडू नये, त्यांच्या नव्या जागेपासून पुढे काम करावं. आणि टेलचा वेग पातळ मालाला थोडा उतरवण्याचा, शेवटच्या दोन स्टँडांचं रिडक्शन किंचित हलकं करण्याचा त्यांचा जो रिवाज आहे तो कंट्रोल आल्यावरही लगेच मोडू नका. लोड कमी म्हणजे मिलची ढळवण्याची ताकद कमी, आणि वेग कमी म्हणजे कंट्रोलला जास्त वेळ. नोंदी तीन महिने चांगल्या दिसल्या की वेग टप्प्याने वाढवता येईल.